सुट्या अंकांची राखण

झाशी शहराच्या जुन्या तटाला असलेल्या वेशींची नुसती नावे ऐकली तरी बुंदेलखंडाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. ओरछा दरवाजा, उन्नाव दरवाजा, भांडेर दरवाजा, सागर दरवाजा. आणि दतियाच्या राजधानीकडे जाणाऱ्या वाटेवरचा दतिया दरवाजा, ज्याला आज सर्वजण दतिया गेट म्हणतात. खंडेराव दरवाजाचे नाव तेवढे ऐकताच मराठी वाटते. बाकीच्या वेशींना त्यांच्यातून जी वाट बाहेर पडते त्या वाटेच्या गावाचे नाव मिळाले आहे. वेस ही केवळ शत्रूला अडविण्यासाठी नसते, शेजाऱ्याशी येणेजाणे ठेवण्यासाठीही ती असते, हे त्या नावांवरून सहज ध्यानात येते. ह्या येण्याजाण्यात धान्य, कापड, घोडे ह्यांच्याबरोबर पोथ्याही होत्या.

झाशीच्या नेवाळकर सुभेदारांनी मोठ्या हौसेने एक पुस्तकालय उभे केले होते. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडून १८५८ च्या वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथात ह्या पुस्तकालयाचे वर्णन आहे. नवा ग्रंथ कोठे असल्याचे कळले की त्याची नक्कल करवून आणावी, ती नीट वेष्टनात बांधून ठेवावी, असा तेथला परिपाठ होता. आणि काशीचे पंडितदेखील झाशीच्या संग्रहातील ग्रंथांच्या नकला करून नेत. पुढे एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज ह्याच्या फौजा शहरात शिरल्या. त्यानंतर जी लूट झाली तिच्यात हे पुस्तकालयही गेले. पोथ्यांची बासने ज्यांना हवी होती त्यांना आतील पानांचे काही मोल नव्हते.

तेथून सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरांवर, दतिया दरवाजातून जाणाऱ्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, दतियाचा राजसंग्रह मात्र राहिला. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदी हस्तलिखितांचा जो शोध चालविला, त्याच्या अहवालांत दतियाच्या राजपुस्तकालयाचे नाव पुनःपुन्हा येते. एका वाटेची ही दोन टोके. एकीकडचा संग्रह राखेस मिळाला, दुसरीकडचा टिकला. झाशीच्या पोथ्यांपैकी ज्यांच्या नकला कोणी काशीस किंवा अन्यत्र नेल्या होत्या, त्या पोथ्या एका अर्थी वाचल्या. ज्या कोणी मागितल्या नाहीत त्या गेल्या. ग्रंथ दुसऱ्याला देण्याने तो सुरक्षित होतो, ही गोष्ट हस्तलिखितांच्या काळात पंडितांना अनुभवाने ठाऊक होती.

छापखाना आल्यावर असे वाटले की ही चिंता संपली. एकाच वेळी पाचशे प्रती निघू लागल्यावर नक्कल करण्याचे कारणच काय? पुस्तकांच्या बाबतीत हे बरेचसे खरे ठरले. परंतु छापखान्याने पुस्तकाबरोबर आणखी एक अपत्य जन्मास घातले, ते म्हणजे नियतकालिक. आणि त्याचे आयुष्य पोथीहूनही नाजूक निघाले. पोथी घरात देवाजवळ ठेवली जाते. साप्ताहिकाचा अंक वाचून झाला की त्यात हळद-हिंग बांधले जाते.

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासाचे पहिलेच पान ह्या नाजूकपणाची साक्ष देते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि तेच पहिले मराठी वृत्तपत्र म्हणून मानले जाते. परंतु १८२८ साली ‘मुंबापूर वर्तमान’ नावाचे एक पत्र निघाल्याचा उल्लेख त्या वेळच्या इंग्रजी वृत्तपत्रात सापडला आहे. उल्लेख सापडला, अंक मात्र सापडला नाही. चारपाच पानांचा एखादा जीर्ण अंक कोठे एखाद्या वाड्याच्या माळ्यावर मिळाला असता, तर पहिलेपणाच्या प्रश्नाला निराळे वळण लागले असते. ‘दर्पण’ तरी पुढच्या पिढ्यांच्या हाती सुखासुखी आले असे नाही. त्यातील लेखन एकत्र पाहावयास मिळण्यासाठी, पत्र १८४० मध्ये बंद पडल्यानंतर शंभरावर वर्षे जावी लागली. १९५० साली गणेश गंगाधर जांभेकर ह्यांनी बाळशास्त्र्यांचे चरित्र आणि लेखन अनेक भागांत संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ते सामान्य अभ्यासकाला सुलभ झाले.

लोकहितवादींच्या शतपत्रांचेही तसेच आहे. ती पुस्तकरूपाने घरोघर पोचली, शाळा-कॉलेजांत शिकविली गेली. परंतु मुळात ती १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली. साप्ताहिकातील पत्र हे एकटे नसते. त्याच्या आगेमागे कोणाचे उत्तर असते, संपादकाची टीप असते, शेजारच्या स्तंभात त्या आठवड्याची बातमी असते, खाली दुकानदाराची जाहिरात असते. पत्र वेगळे काढून पुस्तकात बांधले की वक्ता राहतो आणि सभा उठून जाते. लोकहितवादी कोणाला उद्देशून इतके कठोर बोलत होते आणि ऐकणारे काय म्हणत होते, हे जाणावयाचे तर ‘प्रभाकर’चे अंकच हवेत, तेही एखाददुसरा नव्हे, ओळीने सगळे.

‘ओळीने सगळे’ ह्या दोन शब्दांत नियतकालिके सांभाळणाऱ्या ग्रंथपालाचा सारा व्याप सामावलेला आहे. पुस्तक एकदा आले, दाखल झाले, क्रमांक पडला, फळीवर गेले, की त्याचे काम संपते. नियतकालिक कधीच पुरते येत नाही. ते येत राहते, किंवा येता येता थांबते, आणि ते थांबले आहे की टपालात हरवले आहे हे प्रथम समजत नाही. पावसाळ्यात वेष्टन भिजून पत्ता पुसला जातो. वर्गणी संपल्याचे पोस्टकार्ड वेळेवर पोचत नाही. संपादक आजारी पडतो आणि आषाढाचा अंक भाद्रपदात निघतो. कागद महाग होतो आणि दोन महिन्यांचा जोडअंक काढला जातो. त्यावर कधी ‘अंक ५-६’ असे छापतात, कधी नुसतेच ‘अंक ५’, आणि मग सहावा अंक निघालाच नाही की आपल्याला आला नाही, ह्या प्रश्नावर ग्रंथालयातील दोन कारकून वर्षभर पत्रव्यवहार करीत बसतात.

मराठी नियतकालिकांनी ह्यात आपली खास भर घातली आहे. कोणाचे वर्ष चैत्रापासून, कोणाचे जानेवारीपासून, तर कोणाचे ज्या महिन्यात मुहूर्त साधला त्या महिन्यापासून. मुखपृष्ठावर शके, आत इसवी सन. चांद्र महिन्यांप्रमाणे चालणाऱ्या मासिकाला अधिक मासाच्या वर्षी अंक बारा की तेरा, हे त्याच्या चालकालाच विचारावे. काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला एक अपूर्व सण दिला, ह्यात शंका नाही, पण ग्रंथपालाला त्याच दिवसापासून एक नवे कोडेही मिळाले. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. विशेषांक कोणत्या महिन्याचा धरावयाचा, आणि त्यानंतरच्या महिन्याला सुटी दिली असेल तर रिकाम्या जागी काय लिहावयाचे? शिवाय ग्रंथालयाच्या फायलीतून सर्वांआधी नाहीसा होणारा अंकही बहुधा हाच असतो.

त्यातच एक जुनी रीत होती, ती इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. १८७८ पासून ११ वर्षे चाललेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकात काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी जुन्या बखरी, पत्रे आणि काव्ये प्रसिद्ध केली. मराठी इतिहाससंशोधनाचा पाया येथेच घातला गेला असे म्हणावयास हरकत नाही. अशा मासिकांतून मोठे ग्रंथ महिन्यामहिन्याला तुकड्यातुकड्याने येत. वर्ष सरले की हौशी वर्गणीदार अंक उसकटीत, ज्या त्या ग्रंथाची पाने एकत्र करीत आणि त्यांचे स्वतंत्र पुस्तक बांधून घेत. वाचकाची सोय झाली, परंतु मासिक म्हणून मासिक उरले नाही. मलपृष्ठावरची वर्गणीदारांची पोच, नव्या पुस्तकांच्या जाहिराती, संपादकाची दिलगिरी हे सारे बांधणाऱ्याच्या कात्रीखाली गेले. पुढे कोणी त्या काळच्या वाचकवर्गाचा इतिहास लिहू म्हटले, तर त्याला नेमके तेच कागद हवे असतात.

कागदाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावर लिहिलेली पोथी दोनशे वर्षांनंतरही हाताला टणक लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला आणि त्यामुळेच वृत्तपत्र गरिबाला परवडू लागले. ह्या कागदातले आम्ल त्याला आतून जाळत असते. तो पिवळा होतो, मग तपकिरी, आणि शेवटी पान उलटताच कोपरा बोटात राहतो. ज्या स्वस्ताईने ‘केसरी’सारखी पत्रे गावोगाव पोचविली तीच त्यांच्या फायलींच्या मुळावर आली. त्यामुळे एखादे पत्र ज्या शहरात निघे आणि ज्या वाचनालयात रोज शंभर हातांतून जाई, तेथेच त्याची फाईल सर्वांत जीर्ण झालेली आढळावी ह्यात नवल नाही. उलट दूर ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास येथल्या मराठी मंडळींनी मायबोलीच्या ओढीने मागविलेला अंक पाचदहा जणांनी वाचून कपाटात ठेवला असेल, तर तो अधिक धड राहण्याचा संभव असतो. पुण्याच्या मासिकाचा हरवलेला अंक पुण्यात शोधावा की नर्मदेपलीकडे, हे घरबसल्या सांगता येत नाही. विचारावे लागते.

हे विचारणे कसे सुरू झाले, ह्याचा इतिहास मराठी माणसाला अभिमान वाटावा असा आहे; कारण त्याची एक सुरुवात बडोद्यास झाली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत शिकलेले मूल घरी वाचावयास काही न मिळाल्यास अक्षरे विसरून जाते, हे ओळखून त्यांनी ग्रंथालयांची योजना हाती घेतली. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डेन ह्यांना बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय, फिरती ग्रंथालये, ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग अशी कामे भराभर उभी राहिली. खेड्यातील लोकांनी वर्गणी जमविली तर तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार देई, अशी तिहेरी सोय होती. पुस्तकांचा संग्रह ठेवण्याची ऐपत नसलेल्या गावीही वर्तमानपत्रे आणि मासिके ठेवणारे वाचनालय काढता येई. आणि कित्येक खेड्यांत ज्ञानाचा पहिला प्रवेश असा पुस्तकातून नव्हे तर नियतकालिकातून झाला.

ह्या गावोगावच्या ग्रंथपालांना एकमेकांशी बोलावयाचे कसे? बडोद्याहून १९१२ साली ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे त्रैमासिक निघाले. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ते असे. ग्रंथालयखात्याचे जनार्दन सखाराम कुडाळकर ह्यांचा त्यात मोठा वाटा होता. ग्रंथपालांनी ग्रंथपालांसाठी चालविलेले असे नियतकालिक हिंदुस्थानात त्यापूर्वी नव्हते. ते मराठीतही असावे, ही गोष्ट लहान नाही. त्या वेळी ग्रंथालयशास्त्र म्हणजे इंग्रजी जाणणाऱ्या दहावीस विद्वानांचा विषय समजला जाई. बडोद्याने तो खेड्यातल्या शाळामास्तराच्या भाषेत आणला, कारण गावचे वाचनालय बहुधा त्याच्याच हाती असे. सात-आठ वर्षे हे त्रैमासिक चालले आणि पहिल्या महायुद्धानंतर थोड्याच काळात बंद पडले. ज्यांनी इतरांच्या नियतकालिकांची राखण करावयाची त्यांचेही नियतकालिक शेवटी नियतकालिकांच्याच नियमाने संपले.

तिकडे कलकत्त्यास दुसऱ्या अंगाने प्रयत्न चालू होता. तेथे शास्त्रीय विषयांची परदेशी नियतकालिके अनेक संस्थांत येत असत. परंतु कोणत्या संस्थेत कोणते खंड आहेत हे एका ठिकाणी नोंदलेले नव्हते. प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ली केम्प ह्यांनी कलकत्त्यातील प्रमुख ग्रंथालयांतील शास्त्रीय नियतकालिकांची एकत्र सूची केली. ती १९१८ साली तेथल्या एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केली. एकाच शहरापुरती असली तरी कल्पना मोलाची होती. सर्वांचे संग्रह मिळून एकच संग्रह आहे असे मानावयाचे आणि त्याची एकच यादी करावयाची. अमेरिकेत १९२७ साली अमेरिका आणि कॅनडा मिळून शेकडो ग्रंथालयांची अशी संयुक्त सूची निघाली. इकडे शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांच्या पुढाकाराने दक्षिण आशियातील विद्वत्तापूर्ण नियतकालिकांच्या सूचीचा पहिला खंड १९५३ साली बाहेर पडला.

रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि नियतकालिकांच्या गोंधळाकडे त्यांनी गणितज्ञाच्या दृष्टीने पाहिले. त्यांनी काढलेली तीन कार्डांची युक्ती पुढे देशभर वापरली गेली. प्रत्येक नियतकालिकासाठी तीन कार्डे. एका कार्डावर आलेल्या अंकाची नोंद. एक कार्ड पुढचा अंक ज्या आठवड्यात यावयाचा त्या आठवड्याच्या खुणेमागे उभे केलेले. आणि तिसरे विषयवार, ग्रंथालयात कोणकोणते खंड आहेत हे दाखविणारे. अंक आला की दुसरे कार्ड उचलून पुढच्या आठवड्यात ठेवावयाचे. आठवड्याच्या अखेरीस खुणेमागे जी कार्डे उरली ती न आलेल्या अंकांची. लगेच स्मरणपत्र टाकावयाचे. कारण महिन्याभरात विचारले तर प्रकाशकाकडे जादा प्रत असते, वर्षाने विचारले तर ती रद्दीत गेलेली असते. इतकी साधी गोष्ट, परंतु तिच्या अभावी कित्येक फायली कायमच्या खंडित झाल्या.

मराठी नियतकालिकांची संयुक्त सूची करावयाची म्हणजे ह्याहून अवघड काम होते. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यापूर्वी काय छापले गेले ह्याची सरकारदरबारी नियमित नोंदच नव्हती. प्रकाशकाने ठराविक ग्रंथालयांना प्रती देण्याविषयीचा स्वतंत्र कायदा १९५४ साली झाला आणि वृत्तपत्रे त्याच्या कक्षेत १९५६ साली आली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतील मध्यवर्ती ग्रंथालय हे त्या ग्रंथालयांपैकी एक. त्यापूर्वीची शंभर-सव्वाशे वर्षे ठाण्याचे १८९३ सालचे आणि मुंबईचे १८९८ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे नगर वाचन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि गावोगावची नेटिव्ह जनरल लायब्ररी म्हणून निघालेली वाचनालये, ह्यांच्या हौसेवर आणि चिकाटीवर अवलंबून होती.

शंकर गणेश दाते ह्या गृहस्थांनी हे ओझे आपण होऊन खांद्यावर घेतले. छापलेल्या प्रत्येक मराठी ग्रंथाची नोंद करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. १८०० ते १९३७ ह्या काळाची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ महायुद्धाच्या ऐन टंचाईत बाहेर पडली आणि १९३८ ते १९५० चा पुढचा भाग १९६१ साली आला. संस्थेचे पाठबळ, साहाय्यक, कचेरी ह्यांच्या जोरावर इतरत्र जे काम होते ते त्यांनी बव्हंशी एकट्याने, ग्रंथालयामागून ग्रंथालय पालथे घालून केले. १९६४ साली त्यांचे निधन झाले. नियतकालिकांचे काम मात्र एकट्याच्या आवाक्यातले नव्हतेच. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे ह्यांच्या नावे ‘मराठी नियतकालिकांची सूची’ १९६९ साली मुंबईत प्रसिद्ध झाली, ती दात्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. १८०० ते १९५० ह्या दीडशे वर्षांत कोणकोणती पत्रे मराठीत निघाली ह्याचा एकत्रित शोध तिने प्रथम घेतला. अशा सूचीतल्या एका ओळीमागे किती पत्रे गेली-आली असतील ह्याची कल्पना वाचणाऱ्यास येत नाही. अमुक मासिकाचे तिसरे वर्ष आपल्याकडे आहे काय? असल्यास पहिल्या अंकावर तारीख कोणती? त्याच नावाचे दुसरे पत्र तेच का निराळे? पोस्टकार्डावर चार ओळींचे उत्तर येते आणि चाळीस वर्षांची एक चूक दुरुस्त होते.

ह्या खटाटोपाचे मोल कळावयाचे तर पुन्हा झाशीकडेच वळावे. राणी लक्ष्मीबाईचे पहिले विस्तृत मराठी चरित्र दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनी १८९४ साली लिहिले. पारसनीस हे केवळ चरित्रकार नव्हते. ‘भारतवर्ष’ आणि पुढे १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ ही मासिके चालवून त्यांनी असंख्य जुने कागद छापले. उत्तर हिंदुस्थानातील मराठ्यांच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्याला ह्या मासिकांच्या फायली टाळून पुढे जाता येत नाही. त्यांतले काही साहित्य पुढे पुस्तकरूपाने आले, काही त्या अंकांतच राहिले. गोडसे भटजींच्या ग्रंथाचीही कथा बोलकी आहे. चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला, परंतु आपल्या समजुतीप्रमाणे त्यात फेरफार करून. साठ वर्षे महाराष्ट्राने गोडशांचे म्हणून जे वाचले ते पुष्कळ अंशी वैद्यांचे होते. मूळ मोडी हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले होते म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना ते जसेच्या तसे छापता आले. वैद्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांनी छापले नसते तर कदाचित ते कोणाला ठाऊकही झाले नसते. परंतु मूळ कागद जपला गेला नसता तर ही तफावत कधीच उघडकीस आली नसती.

एकोणीसशे सत्तरनंतर प्रत्येक नियतकालिकाला आठ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली आणि एकाच नावाच्या दोन पत्रांचा घोळ पुष्कळसा मिटला, निदान नव्यांपुरता. १९८८ साली भारतातील शास्त्रीय नियतकालिकांची राष्ट्रीय संयुक्त सूची दिल्लीच्या इन्स्डॉक संस्थेने प्रसिद्ध केली. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. पोस्टकार्डाने विचारावयाचा प्रश्न आता संगणकावरून एकाच वेळी शेकडो ग्रंथपालांपुढे ठेवता येतो, आणि ज्याच्याकडे तो अंक असेल त्याने पानांची प्रतिमा त्याच दिवशी पाठवावी हेही शक्य झाले आहे. काशीचे पंडित झाशीस येऊन महिनोन्महिने जे लिहून नेत ते आता काही क्षणांत होते.

तरीही दोन गोष्टी बदललेल्या नाहीत. ज्या खंडातून बांधताना जाहिराती आणि मलपृष्ठे कापली गेली त्या खंडाची प्रतिमा घेतली तर प्रतिमेतही ती नसणारच. आणि अशी एक प्रतिमा सर्वत्र झाली की बाकीच्या ग्रंथालयांना आपली जुनी फाईल अडगळ वाटू लागते. पडताळा न पाहता ती रद्दीत घातली तर तिच्यात शाबूत राहिलेले एखादे मलपृष्ठही तिच्याबरोबर जाते. दुसरी गोष्ट नव्या नियतकालिकांची. पूर्वी वर्गणी थांबविली तरी मागचे अंक फळीवर राहत. आता ज्या नियतकालिकाचे वाचन केवळ संगणकावर होते, त्याची वर्गणी थांबली की करारात सोय केलेली नसल्यास मागची वर्षेही दिसेनाशी होतात. वीस वर्षे पैसे भरलेल्या ग्रंथालयाकडे दाखविण्यासाठी एक पानही नसते. ग्रंथपालांच्या आजच्या पत्रव्यवहारात हा प्रश्न वारंवार येतो आणि त्यावर सर्वांना मान्य असे उत्तर अजून निघालेले नाही.

जुन्या ग्रंथालयांत बांधणीच्या वेळी पाळली जाणारी एक पद्धत अजून कोठे कोठे दिसते. वर्षाचे बारा अंक जमले नाहीत, सातवा आलाच नाही, सगळीकडे विचारून झाले, तर खंड तसाच बांधावयास देतात. मात्र सहाव्या आणि आठव्या अंकांच्या मध्ये, गेलेल्या अंकाच्या जाडीइतक्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या शिवून घेतात आणि पहिल्या पट्टीवर शाईने लिहून ठेवतात, ‘अंक ७ नाही’. तो अंक पुढे कधी दतियाहून, देवासहून किंवा आणखी कोठून मिळालाच, तर त्याला चिकटवावयास जागा असावी म्हणून.